दुसरा उकार

सकाळी साडेसहाला फोनवरच्या गटात निरोप आला. एका घरातलं म्हातारं माणूस रात्री गेलं होतं. खाली पहिल्याने लिहिलं, "भावपुर्ण श्रध्दांजली", आणि पुढे जोडलेले हात. मिनिटभरात दुसऱ्या कुणाचा निरोप आला: आधी चूक सुधारल्याची खूण म्हणून एक चांदणी (*) आणि तिला चिकटून "भावपूर्ण श्रद्धांजली". बस, एवढंच. गेलेल्याचं नाव नाही, घरच्यांसाठी शब्द नाही. त्यानंतर आलेल्या निरोपांचा सूर एकदम बदलला. कुणी "ओम शांती"वर भागवलं, कुणी नुसतेच हात जोडले, एकाने तर फुलाचं चित्र टाकून काम उरकलं. उकार आणि जोडाक्षराच्या वाटेला दिवसभरात पुन्हा कुणी गेलं नाही.

चूक होती का? होती, दोन होत्या. दुरुस्ती बरोबर होती का? अगदी काटेकोर. तरी ती चांदणी टोचत राहिली.

त्या दोन चुका जवळून बघण्यासारख्या आहेत, कारण दोन्ही आळसातून झालेल्या नाहीत. आधी तो उकार. मराठीत स्वर किती लांबवायचा हे बहुतेक वेळा शब्दातली त्याची जागा ठरवते. इकार-उकार शब्दाच्या शेवटी आला की आपोआप लांबतो, म्हणून 'कवि' लिहा की 'कवी', तोंडातून निघतं ते एकच. अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षराच्या आधी आला तरी लांबतो: वीट, फूल, मूल. पुढे दीर्घ अक्षर आलं की आखडतो: विटा, फुलाला, मुलांचा. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बापुडा, कागदावर दोन वेगळे शब्द. बोलताना मात्र जुळी भावंडं. म्हणून तर दर २७ फेब्रुवारीला कुठल्या ना कुठल्या फलकावर 'मराठी भाषा गौरव दीन' उगवतो, त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत फिरतो आणि हसणाऱ्यांना विनोद आयता मिळतो. 'नीट ऐक आणि जसं ऐकू येतं तसं लिही' हा मास्तरांचा आवडता सल्ला इथे काडीच्या कामाचा नाही. कान दोन्हींत तेच सांगतो.

मग विचारायचं कुणाला? नियमाला. नियम असा की मराठी शब्दात जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार सामान्यतः ऱ्हस्व असतो: शिस्त, कुस्ती, मुद्दा, चिठ्ठी. 'पुर्ण' लिहिणाऱ्याच्या हाताने नेमकं हेच केलं. 'पू' ऱ्हस्व करताना तो मराठीच्या सवयीला धरून होता. पण नियमाला शेपूट आहे: तत्सम शब्द सोडून. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मूळचा दीर्घ आपल्यासोबत घेऊन येतो. पूर्ण, सूर्य, मूल्य, तीक्ष्ण. आणि संस्कृत शब्द म्हटला की दीर्घच, असंही नाही. चरित्र, मित्र, पुत्र हेही संस्कृतच, तिथे पहिलीच वेलांटी, पहिलाच उकार. थोडक्यात, 'भावपूर्ण' मधला उकार बरोबर काढायचा तर आधी हा शब्द संस्कृत आहे हे माहीत हवं आणि मग तो संस्कृतात कसा लिहितात हेही माहीत हवं. आपलं प्रमाणलेखन शब्दाला त्याचा उच्चार विचारत नाही, त्याचं कूळ विचारतं.

हे एकदा ध्यानात आलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, 'वकील'चं 'वकिलाला' होतं, पण 'शरीर'चं 'शरीराला' होतं, 'शरिराला' नाही. गरीब आणि वकील अरबी, पार समुद्रापलीकडून आलेले. ते इथल्या घरात असे मिसळले की घरच्यासारखे वाकतात. शरीर संस्कृत, म्हणून त्याचा ताठा कायम. आलेला घरचा झाला आणि घरचा म्हणवणारा पाहुणा राहिला, अशी ही गंमत. 'जीव' तर दोन्हीकडे नांदतो: जीवशास्त्रात त्याचा दीर्घ शाबूत, पण जिवाला घोर लागला की बहुतेक छापील पुस्तकंही ती वेलांटी मुकाट पहिली करतात. तत्सम इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचा म्हणून 'कवी'; तोच समासात पुढे उभा राहिला की 'कविसंमेलन', 'कविवर्य'. 'रवी' आणि 'रविवार', 'बुद्धी' आणि 'बुद्धिमान'. 'गुरू', 'मती', 'गती' दीर्घ करायला शिकलेला माणूस त्याच झपाट्यात 'आणी' आणि 'परंतू' लिहून बसतो, आणि तिथे त्याला पुन्हा कुणीतरी पकडतं, कारण ही अव्ययं आणि त्यांची शेवटची अक्षरं ऱ्हस्वच राहायची. नियम अर्धा शिकलेल्या माणसाच्या चुका नियम अजिबात न शिकलेल्यापेक्षा जास्त असतात आणि जास्त हास्यास्पद दिसतात. बिचाऱ्याने प्रयत्न केलेला असतो.

आता दुसरी चूक, श्रध्दा. ही मला जास्त आवडते, कारण ती 'शुद्ध' या शब्दातही होते. शुद्धलेखनावर तावातावाने लिहिलेल्या कितीतरी मजकुरांच्या मथळ्यातच 'शुध्दलेखन' असतं. कारण हाताळून बघण्याजोगं आहे. महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह उच्चारायच्या, अक्षराचं द्वित्व होतं तेव्हा पुढे अल्पप्राण येतं आणि मागे महाप्राण: द् आणि ध, म्हणून द्ध, च् आणि छ, म्हणून च्छ. इच्छा, स्वच्छ, युद्ध, बुद्ध. तोंडालाही हेच सोपं, कारण श्वासाचा झोत जिभेचा अडसर सुटल्यावरच बाहेर पडतो. मग हात ध्द का लिहितो? एक तर हे जोडाक्षर उभं रचलेलं: वर द, त्याच्या पोटाला लटकलेला ध. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्यात कोण आधी आणि कोण नंतर ते कळत नाही. दुसरं म्हणजे जुन्या फॉण्टांच्या काळात द्धची कळ चटकन सापडली नाही की अर्धा ध टाकून पुढे द ठेवायचा, ही छपाईच्या टेबलावरची सर्रास पळवाट होती. लोकांनी तेच छापलेलं वर्षानुवर्षं वाचलं. आणि तिसरी गोष्ट चुकणाऱ्याच्या बाजूने बोलणारी: 'शुद्ध'चा धातू 'शुध्' आहे. त्याला 'त' प्रत्यय लागतो, त्या 'त'चा 'ध' होतो आणि मग मागच्या 'ध्'चा 'द्'. म्हणजे 'ध्' आधी होताच, संधीने तो पुसला. 'शुध्द' लिहिणाऱ्याला हे अर्थातच माहीत नसतं. दुरुस्त करणाऱ्यालाही बहुधा नसतं.

रफाराचंही असंच. 'आशीर्वाद'चा 'आर्शीवाद' होण्यात उच्चाराची घसरण आहेच, पण जुन्या फॉण्टातून युनिकोडमध्ये मजकूर आणताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, हेही आहे. जुन्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत, म्हणजे वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोड उच्चाराचा क्रम धरतं. रूपांतर करणारी आज्ञावली एका अक्षराने चुकली की रफार शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. फलक रात्री अकराला मागितलेला असतो, सकाळी सहाला लावायचा असतो, आणि मजकूर देणारा 'तेवढं बघून घ्या' म्हणून फोन ठेवतो. सकाळी त्या फलकावर हसतात ते भाषेच्या अधोगतीला.

ही 'अधोगती' कधी सुरू झाली म्हणायची, हाही प्रश्नच. मोडी लिपीत साधारण प्रघात असा होता की वेलांटी एकच, दीर्घ वळणाची, आणि उकार एकच, ऱ्हस्व वळणाचा. शेकडो वर्षांचा राज्यकारभार, हुंड्या, पत्रं, न्यायनिवाडे त्या एका वेलांटीवर आणि एका उकारावर चालले आणि कारभार त्यामुळे थांबला नाही. मोडीच्या हिशेबाने सकाळचा तो 'पु' अगदी रीतसर होता. पुढे छापखाना आला, शाळा आल्या, बाळबोध, म्हणजे देवनागरी, मुख्य झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं. शालेय पुस्तकांच्या मराठीवर मेजर थॉमस कँडींचा हात फिरत असे. विरामचिन्हं मराठीत रुळवल्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. मराठी कशी लिहावी हे ठरवणाऱ्यांत एक इंग्रज लष्करी अधिकारी होता, ही गोष्ट भाषेच्या सोवळ्याबद्दल बोलताना सहसा निघत नाही.

आणि १९६२. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने मान्य केले. १९७२ मध्ये आणखी ४ आले आणि १८ झाले. त्याआधी 'घरांत', 'नांव', 'कांहीं', 'पांच' लिहिणं हे चांगल्या शिक्षणाचं लक्षण होतं. उच्चारात न येणारे हे टिंब कुठे द्यायचे ते पाठ करण्यात पिढ्यांची बालपणं गेली, आणि टिंब विसरला म्हणून हातावर छड्याही बसल्या. नियम बदलले आणि तीच टिंबं चुका ठरली. यात काही गमावलंही. 'तें' म्हणजे ते मूल आणि 'ते' म्हणजे ते पुरुष, हा भेद त्या टिंबावर उभा होता. आता संदर्भावरून काढावा लागतो. बोलताना त्या टिंबाची खूण अजून टिकून आहे: 'असे' न म्हणता आपण 'असं' म्हणतो, 'केले' न म्हणता 'केलं'. पण त्याच नियमांत 'असं केलं, मी म्हटलं' ही रूपं पात्राच्या तोंडी असतील तेव्हाची सवलत म्हणून दिली आहेत. एरवी 'असे केले'. हा लेख सुरुवातीपासून 'असं-केलं' मध्ये चाललाय. म्हणजे काटेकोर धरलं तर हाही अशुद्धच, आणि आज छापून येणारं निम्मं ललित लेखनही. त्यावर चांदणी पडत नाही, कारण ही चूक शिकलेली माणसं करतात.

नियमांच्या त्या यादीत मला सर्वांत लोभस वाटतो तो जुन्या उताऱ्यांचा नियम: केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळात असेल तसं छापावं, आणि ह्या दोघांपासून पुढचं सगळं नव्या नियमांनी. काळावर अशी सरळ रेघ. रेघेच्या अलीकडे वेडीवाकडी वेलांटी ही चूक, पलीकडे जपायचा ठेवा.

शब्दच बघा ना कसे निवडलेत. शुद्ध आणि अशुद्ध. मोजमापाच्या शेतातून घेता आले असते, घेतले ते सोवळ्याओवळ्यातून. जुन्या मराठीत 'अशुद्ध' म्हणजे रक्त. त्या अर्थाने कोशात तो अजून सापडेल. 'त्याचं बोलणं अशुद्ध आहे' असं सहज म्हटलं जातं तेव्हा जिभेला कळत नाही की ती काय म्हणाली. अलीकडे जाणते लोक 'प्रमाणलेखन' म्हणतात, आणि ते बरं आहे: प्रमाण म्हणजे माप, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. माप चुकलं तर दुरुस्त होतं. ओवळं झालेल्याला मात्र आंघोळ करून यावं लागतं.

बोलण्यातला सगळ्यात जुना ओवळेपणा न आणि ण यांचा. 'पानी' म्हटलं की समोरचा माणूस कुठल्या घरातला, किती शिकलेला, याचा हिशेब ऐकणाऱ्याच्या मनात क्षणात होतो. आता ह्या 'पाणी'चं कूळ काढू. संस्कृतात तो 'पानीय', म्हणजे न. प्राकृतात दोन स्वरांमधल्या एकट्या नचा ण झाला आणि मराठीत तो ण राहिला: पानीय-पाणी, जन-जण. उलट जिथे जोडाक्षर होतं तिथे मराठीत न आला, मूळचा ण असूनही: पर्ण-पान, कर्ण-कान, चूर्ण-चुना, सुवर्ण-सोनं, उष्ण-ऊन. 'पानी' म्हणणाऱ्या माणसाचा न मूळ संस्कृतातल्या नशी जुळतो आणि त्याला हसणाऱ्याचा ण घसरलेल्या प्राकृतातला. हसणारा दिवसभर 'कान', 'पान', 'ऊन' म्हणतो. संस्कृतच्या हिशेबाने तिथे त्याने नेमकी तीच चूक केलेली असते, फक्त हजारभर वर्षं आधी. कुळाची चौकशी करायचीच तर ती अशी अंगावर येते. म्हणून मग ती जिथे सोयीची असेल तिथेच थांबवली जाते.

'मी करेल', 'तो मला बोलला', 'पुस्तक भेटलं', 'करून राहिला' यांचंही हेच. यातली काही रूपं आपापल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली, काही हिंदीच्या शेजाराने आलेली. दोन्हींना एकच कुत्सित हसू मिळतं. आणि 'माझी मदत कर' ऐकून कान टवकारणारे 'मला मदत कर' असं सुधारतात ते बरोबर, पण 'मदत' स्वतः अरबी आहे हे त्यांना खटकत नाही. खटकूही नये.

मग काय, सगळं चालतं? नाही बुवा. इतकं सगळं म्हणून झाल्यावरही 'सर्व आचाऱ्यांना वंदन' असं छापलं गेलं तर मला ते दुरुस्त करावंसं वाटतं, कारण तिथे गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी येऊन बसलेत. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, हा एका रफाराचा फरक वाचणाऱ्याला वेगळ्या खोलीत नेतो. 'उपाहार' म्हणजे फराळ आणि 'उपहार' म्हणजे भेट. पाटीवर 'उपहारगृह' लिहिलं तर आत भेटवस्तू मिळायला हव्यात. 'महत्त्व' मधला जोड त का, तर 'महत्' आणि 'त्व' मिळून. 'मातृत्व' मध्ये तो एकच, कारण तिथे आधीचा त् नाहीच. 'तज्ज्ञ', 'पश्चात्ताप', 'कोट्यधीश' ही फोड करून बघितली की पाठ करावी लागत नाहीत. हे कळलं की एक छोटासा आनंद होतो, कुलूप उघडल्यासारखा. दुरुस्त करणाऱ्या बऱ्याच लोकांना हा आनंद खरोखर झालेला असतो आणि तो त्यांना वाटायचा असतो. वाटताना तो हातात छडीसारखा का दिसतो, हे त्यांचं त्यांनाही उमगत नसावं.

मुद्रितशोधनाच्या कामात याचं उत्तर नकळत दिलेलं आहे. चांगला मुद्रितशोधक मजकूर निदान दोनदा वाचतो: एकदा अक्षरांसाठी, एकदा अर्थासाठी, आणि दोन्ही एकत्र करत नाही, कारण अर्थ समजू लागला की डोळा अक्षरं गिळतो. अक्षरांसाठी वाचताना काही जण शेवटच्या ओळीपासून उलटे वर जातात, म्हणजे वाक्य वाहवत नेत नाही. सर्वांत मोठ्या चुका सर्वांत मोठ्या टाइपात सुटतात. मथळा, चित्राखालची ओळ, लेखकाचं नाव ही ठिकाणं तो शेवटी पुन्हा बोट ठेवून बघतो. 'ही' आणि 'हि', 'की' आणि 'कि' यांच्यासाठी एक वेगळी फेरी मारतो. आणि खूण करतो ती समासात. ओळीत बारीक रेघ, आणि काय हवं ते बाजूच्या कोऱ्या पट्टीत. वाचकापर्यंत पान जातं तेव्हा ती पट्टी पुन्हा कोरी झालेली असते. कुणी काय चुकलं होतं आणि कुणी धरलं, याचा मागमूस नाही.

फोनवरच्या निरोपाला समास नसतो.

तिसऱ्या दिवशी त्या घरातून उत्तर आलं. गेलेल्यांच्या मुलाने लिहिलं होतं, आणि जपून लिहिल्याचं दिसत होतं. एकेक अक्षर थांबून टाकल्यासारखं. "आपण सर्वांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, त्याबद्धल कुटुंब आपले आभारी आहे." पूर्णचा उकार दुसरा. श्रद्धेतला द आधी, ध नंतर, अचूक. आणि मग, चांदणीकडून नुकतंच शिकलेलं जोडाक्षर पुढच्याच शब्दावरही: 'बद्दल'चा 'बद्धल'. तो मूळचा अरबी 'बदल', ध त्याच्या सात पिढ्यांत नाही.

त्याखाली एकापाठोपाठ एक जोडलेले हात आले. चांदणीवाल्याचेही आले, नुसतेच.